गियर ठोकायचा की तापवायचा? गटाचं इंजिन बांधायला टाकताना



आपल्यातल्या बऱ्याच गटांकडे आता स्वतःची मशिनरी आहे. कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं मळणी यंत्र, कुणाची भाताची गिरणी, कुणाचं ओढ्यावरचं पाण्याचं इंजिन. जिथं लाइटचा भरवसा नाही तिथं हे सगळं डिझेल इंजिनावर चालतं. मशीन घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, तीन कोटेशनं मागवतो, बैठकीत ठराव लिहितो. पण तेच इंजिन काही वर्षांनी खोलायची वेळ आली की टेम्पोत घालून मिस्त्रीकडे सोडून येतो आणि "दादा, कधी मिळेल?" एवढंच विचारतो. आतलं आपल्याला काय कळणार, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

मी मानखुर्दला एका छोट्या वर्कशॉपमध्ये डिझेल मेकॅनिकचं काम करते. सायन-पनवेल रस्ता जवळ असल्यामुळे खाडीपलीकडची, पनवेल-उरण-पेणकडची इंजिनं आमच्याकडे येतात. ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या होड्यांचीही येतात. इंजिन बांधताना कामं पन्नास असतात. त्यातलं एकच काम आज सांगते, कारण ते नीट झालं नाही तर बाकीची एकोणपन्नास फुकट जातात आणि ते नीट होतंय का हे बघायला तुम्हाला मेकॅनिक असावं लागत नाही. ते काम म्हणजे घट्ट बसणारा टायमिंग गियर शाफ्टवर चढवणं.

आधी टायमिंग गियर म्हणजे काय ते बघू. एकाच उखळात दोघी मिळून भात कांडतात ते तुम्ही पाहिलं असेल, काहींनी केलंही असेल. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली येतं. ताल धरला तर काम झरझर होतं. एकीचा ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळतं. इंजिनातही तसंच आहे. पिस्टन वरखाली होतो आणि वरच्या बाजूला दोन व्हॉल्व्ह उघडझाप करतात, एक हवा आत घेणारा आणि एक धूर बाहेर सोडणारा. हवा आत, मग दाब, मग डिझेलचा भडका, मग धूर बाहेर, असा चार पायऱ्यांचा फेरा असतो. एवढ्या वेळात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरावा लागतो. त्यासाठी क्रँकवर लहान गियर आणि कॅमवर बरोबर दुप्पट दात्यांचा मोठा गियर असतो. ही जोडी म्हणजे टायमिंग गियर. आपल्याकडच्या पाच हॉर्सपॉवरच्या बऱ्याच इंजिनांत डिझेलचा पंपही याच कॅमवर चालतो, म्हणजे डिझेल कधी फवारायचं तेही इथूनच ठरतं.

1500 फेऱ्यांचं इंजिन असेल तर एकेक व्हॉल्व्ह मिनिटाला 750 वेळा उघडतो, तासाला 45,000 वेळा. दिवसभर गिरणी चालली तर किती होतात ते तुम्हीच मांडा. आणि डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की हेडपासून जेमतेम मिलिमीटरभराची जागा उरते. ताल चुकला तर मुसळावर मुसळ कसं आदळेल याची कल्पना करा.

आता हा गियर शाफ्टवर घट्ट का हवा? शाफ्टला एक खाच असते, त्यात लोखंडाची छोटी चावी बसते, मिस्त्री तिला 'की' म्हणतात. पुष्कळांना वाटतं की ती चावीच गियरला धरून ठेवते. चावीचं मुख्य काम गियर कुठल्या जागी बसावा हे ठरवण्याचं. भार पेलायचा तो घट्ट पकडीनं. डिझेल इंजिन एकसारखं फिरत नाही, प्रत्येक भडक्याला हिसका देतं. गियर जरा जरी सैल असला की त्या हिसक्यानं तो मागेपुढे हलतो, चावी खाचेच्या कडांवर आपटते आणि खाच रुंद होत जाते. गियर खराब झाला तर नवा मिळतो, क्रँकशाफ्टची खाच बिघडली की खर्चाचा आकडाच बदलतो.

म्हणून बनवतानाच गियरचं भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान ठेवतात. किंचित म्हणजे किती? केस साधारण 0.06 ते 0.1 मिलिमीटर जाड असतो. इथला फरक त्याहूनही कमी, शतांश मिलिमीटरच्या हिशेबात, दोन-तीन ते पाचपर्यंत. जुने मिस्त्री 'थाऊ'मध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.025 मिलिमीटर. "दोन थाऊ टाइट आहे" म्हणाले तर समजा 0.05 मिलिमीटर.

आता लहान भोकात मोठा शाफ्ट घालायचा कसा? इथंच दोन वाटा फुटतात.

ठोकण्याची वाट

पहिली वाट हातोडीची. गियर शाफ्टच्या तोंडाला लावायचा, त्यावर पितळेचा तुकडा किंवा पाइप धरायचा आणि घाव घालायचे. पितळ नसेल तर थेट लोखंडावर लोखंड. "ताई, ठोकून बसवला की कसा घट्ट बसतो!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. तो घट्ट आकाराच्या फरकामुळे बसतो, ठोकण्यामुळे बसत नाही. ठोकण्यानं होतं ते वेगळंच.

भोकाची कड शाफ्टला खरवडते आणि जी पकड हवी होती तिचाच कीस निघतो. गियर तिरका चढतो. डोळ्याला दिसणार नाही एवढा तिरका, पण मग दाते पूर्ण रुंदीनं भिडत नाहीत, एका कडेवरच झिजतात. दाते कडक केलेले असतात. कडक वस्तू ठिसूळ असते, चुकार घावानं टवका उडतो. सगळ्यात वाईट म्हणजे घाव गियरवर थांबत नाही, शाफ्टमधून पुढं जातो. बॉल बेअरिंग असेल तर गोळ्यांचे वळ त्याच्या वाटेवर उमटतात. कॅमशाफ्ट जागेवर ठेवून ठोकला तर तो मागं सरकतो आणि बऱ्याच इंजिनांत मागच्या टोकाला जे पत्र्याचं बूच दाबून बसवलेलं असतं ते ढिलं होतं. तिथून मग ऑइल पाझरत राहतं.

यातलं काहीच त्या दिवशी दिसत नाही. इंजिन चालू होतं, सगळ्या खूश होतात, नारळ फुटतो.

एका गटाचं असंच झालं. गटाचं आणि गावाचं नाव घेत नाही, काम कुठं झालं होतं तेही सांगायची गरज नाही. भाताची गिरणी, डिझेल इंजिन, बँकेचं कर्ज. पावसाळ्यात इंजिन बांधून घेतलं, दिवाळीनंतर भात झोडून झालं आणि गिरणीवर गर्दी सुरू झाली. दीडेक महिन्यात आवाज यायला लागला, आधी बारीक कुरकुर, मग कडकड. ते आमच्याकडे आणलं तेव्हा खोलल्या खोलल्या दिसलं, गियरच्या तोंडावर हातोडीचे गोल गोल ठसे, दोन दात्यांचे टवके गेलेले, चावीची खाच रुंद झालेली, मागचं बूच सुटत आलेलं. ऐन हंगामात गिरणी बंद, गावातलं भात शेजारच्या गावी जायला लागलं, आणि हप्ता मात्र थांबत नाही. त्या बायकांनी दोन हप्ते गटाच्या बचतीतून भरले. अध्यक्ष ताई मला म्हणाल्या, "आम्ही तिथंच बसलो होतो गं. तो ठोकत होता ते बघत होतो. आम्हाला वाटलं, असंच असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख लिहायला घेतला. असंच नसतं.

तापवण्याची वाट

दुसरी वाट तुम्हाला ठाऊक आहे, फक्त तिचं नाव ठाऊक नाही. लोणच्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण निघत नसलं की आपण ते गरम पाण्याखाली धरतो. स्टीलचे पेले एकात एक अडकले की आतल्यात थंड पाणी घालतो आणि बाहेरचा गरम पाण्यात उभा करतो. बाहेरचा फुगतो, आतला आकसतो, पेले सुटतात.

त्याहून चांगलं उदाहरण बैलगाडीच्या चाकाचं. आरे आणि पुठ्ठे जोडून सुतारानं लाकडी चाक तयार केलं की लोहार त्यावर लोखंडी धाव चढवतो. धाव मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान करतात. जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायच्या. धाव लाल झाली की तीन-चार जणांनी सांडशीनं उचलून चाकावर ठेवायची. जी गार असताना बसत नव्हती ती आता अलगद बसते. वर पाणी ओतलं की धूर, वाफ, आणि धाव आकसून चाकाला असं आवळते की आरे, पुठ्ठे, तुंबा सगळं एकजीव होतं. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना टायमिंग गियर कसा बसवायचा ते निम्मं समजलं.

इथं एक शंका हमखास येते. लोखंड तापून फुगतं, मग भोकाच्या आत फुगून भोक लहान नाही का होणार? नाही. कडं सगळ्या बाजूंनी मोठं होतं, भोकासकट. धावेचंच बघा, तापल्यावर ती चाकाला मोठी झाली, लहान नाही.

किती मोठं होतं याचा हिशेब सोपा आहे. मीटरभर लांबीचं पोलाद एक अंश तापलं की साधारण 0.012 मिलिमीटर वाढतं. आपल्या गियरचं भोक 40 मिलिमीटरचं धरा. खोलीचं तापमान 30 अंश, गियर 150 अंशांपर्यंत तापवला, म्हणजे 120 अंश वाढ. भोक सुमारे 0.058 मिलिमीटर मोठं होतं. दोन थाऊ टाइट असलेला गियर एवढ्यानं हातानं सरकतो. नुसत्या उकळत्या पाण्यात तापवला तर 0.034 मिलिमीटर मिळतात. कमी टाइट असेल तर तेवढ्यातही काम भागतं, पण पाण्यातून काढलेला गियर लगेच कोरडा पुसावा लागतो, नाहीतर आत गंज.

शाफ्ट गार करूनही मदत होते. कॅमशाफ्ट इंजिनाबाहेर असेल तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, तोही दोनेक शतांशानं आकसतो. काढल्यावर त्यावर दव धरतं, ते पुसून ऑइलचा हात फिरवायचा.

आणखी एक रीत आहे, प्रेसमध्ये दाबून बसवायची. शाफ्ट बाहेर काढलेला असेल तर ती उत्तम, कारण दाब सरळ आणि सावकाश येतो, धक्का बसत नाही. मानखुर्दवरून जाणाऱ्या हार्बर लोकलची चाकं आसावर अशीच प्रचंड दाबानं बसवलेली असतात. मध्ये नट नाही, बोल्ट नाही. डबा भरून माणसं वाशीच्या पुलावरून जातात ती या घट्टपणाच्या भरवशावर. पण क्रँकशाफ्ट इंजिनातच असेल तर प्रेस पोचत नाही, तिथं तापवणंच बरं.

तापवायचं कसं

तापवायचं म्हटलं की काही जण गॅसची नळी पेटवून थेट गियरवर ज्योत सोडतात. ते ठोकण्याइतकंच वाईट. एक बाजू लाल, दुसरी गार, भोक गोल न राहता अंडाकृती होतं. शिवाय दात्यांचा कडकपणा जातो. घासून स्वच्छ केलेलं पोलाद 220 अंशांच्या आसपास फिकट पिवळं दिसायला लागतं, 300 च्या आसपास निळं. ज्योतीनं गियर निळा पडला असेल तर तो मऊ झाला असं समजा, घेऊ नका, बसवू देऊ नका.

तापवायला चांगला ओव्हन किंवा विजेची शेगडी. ऑइलमध्येही तापवतात, त्यासाठी गियर तारेनं लटकता ठेवतात, बुडाला टेकू देत नाहीत. मोदक आपण पाण्यात सोडत नाही, चाळणीवर ठेवतो, तसंच. बुडाला आच जास्त असते. ऑइलमधून धूर यायला लागला की आच बंद. तेलात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं हे आपल्याला सांगायला नको. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकायचं. आणि हे काम घरच्या चुलीवर, घरच्या भांड्यात करायचं नाही.

120 ते 150 अंश बहुतेक गियरना पुरतात. कंपनीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरायचा. काही इंजिनांत कॅमचा गियर फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, त्याचा हिशेब वेगळा. तापमान मोजायला कोविडमध्ये कपाळावर धरायचे तसली बंदूक मिळते. फक्त चकचकीत लोखंडावर ती खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवते.

बंदूक नसली तर तव्याची परीक्षा. घावन टाकण्याआधी तुम्ही तव्यावर पाणी शिंपडता. थेंब चर्र करून उडून गेला तर तवा 100 अंशांच्या वर आहे. थेंब मोत्यासारखा गोल होऊन पळायला लागला तर तो 200 च्या आसपास किंवा त्याहून जास्त. शेगडीवरच्या गियरवर एक थेंब टाका. चर्र व्हायला हवं, मोती पळायला नकोत. (ऑइलमधल्या गियरवर ही परीक्षा अजिबात करू नका.) आमच्या वर्कशॉपमध्ये मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मिस्त्री हसले होते. आता तेच करतात.

गियर तापत असताना बाकीची सगळी तयारी झालेली असली पाहिजे. गरम गियर गार शाफ्टला टेकला की त्याची उष्णता शाफ्ट ओढून घेतो आणि काही सेकंदांत पकड बसते. तेव्हा "अरे, ती चावी कुठे ठेवली?" म्हणायला वेळ नसतो. शाफ्ट स्वच्छ, त्यावरचे खरचटे बारीक दगडानं घासून काढलेले, ऑइलचा पातळ हात, चावी खाचेत पूर्ण बसलेली. गियरची खुणा असलेली बाजू बाहेर. बऱ्याच इंजिनांत कॅमच्या गियरमागे एक पट्टी असते, कॅम मागेपुढे सरकू नये म्हणून. ती आधी घालायची. विसरली तर एवढा बसवलेला गियर पुन्हा काढणं आलं. हातात चामड्याचे मोजे.

मग गियर उचलायचा, चावीच्या समोर खाच धरायची आणि न थांबता सरळ आत ढकलायचा, शाफ्टच्या खांद्याला टेकेपर्यंत. टेकल्यावर सोडून द्यायचा नाही. गार होताना तो आकसतो आणि खांद्यापासून किंचित मागं सरतो, म्हणून पकड बसेपर्यंत दाबून धरायचा. नंतर मागं फट राहिली का ते पातळ पट्टी घालून बघायचं.

वाटेत अडकला तर? हातोडीकडे हात जातो तो इथंच. ठोकायचं नाही. पुलर लावून बाहेर काढायचा, पुन्हा तापवायचा. अर्धा तास जातो, जाऊ दे.

एका बाबतीत मात्र लोहाराची नक्कल करायची नाही. तो धावेवर पाणी ओततो, कारण खालचं लाकूड जळू द्यायचं नसतं. तापलेल्या गियरवर पाणी ओतलं तर त्याला चीर जाऊ शकते. त्याला आपोआप गार होऊ द्यायचं.

खुणा जुळवणं

दोन्ही गियरवर खुणा असतात, ठिपका, रेघ किंवा आकडा. लहान गियरचा खुणेचा दाता मोठ्याच्या खुणेच्या दात्यांमध्ये यायला हवा. एक दाता इकडंतिकडं झाला तर? क्रँकच्या गियरला 30 दाते असतील तर एक दाता म्हणजे 12 अंशांची चूक. इंजिन चालू व्हायला त्रास देतं, धूर सोडतं, डिझेल जास्त खातं, ओढ लागली की दमतं. आपण मग डिझेल भेसळीचं आहे म्हणतो. चूक जास्त असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो.

बसवून झाल्यावर इंजिन हातानं सावकाश फिरवून बघायचं. स्टार्टर नाही, हातानंच. दोन गियर थेट एकमेकांना भिडत असतील तर क्रँकच्या दोन फेऱ्यांनी खुणा पुन्हा समोर येतात. मध्ये तिसरा गियर असेल तर त्या लवकर येत नाहीत, पुष्कळ फेरे लागतात, तेव्हा मिस्त्रीशी उगाच वाद घालू नका. कुठं अडल्यासारखं वाटलं तर जोर न लावता थांबायचं आणि पुन्हा बघायचं.

जुना गियर घ्यायचा झाला तर

मानखुर्द-मंडाळ्याकडे भंगाराची गोदामं आहेत. जुन्या यंत्रांचे भाग तिथं सुट्टे मिळतात आणि नव्यापेक्षा स्वस्त पडतात. कुणी मुंबईला येणार असलं की गावाकडून फोन येतो, "तिकडून गियर आणशील का?" मी सहसा नको म्हणते. पिस्टन, रिंगा, लायनर यांच्या बिलापुढं नव्या गियरची रक्कम किरकोळ असते आणि बसवायची मेहनत दोन्हींना सारखीच. तरी घ्यायचाच झाला तर दाते मोजून घ्या. तोंडावर हातोडीचे ठसे, दात्यांचे टवके, निळसर झाक, खाचेच्या कडा गोल झालेल्या, यातलं एक जरी दिसलं तरी ठेवून द्या. एकदा काढलेल्या गियरचं भोक थोडं सैल झालेलं असू शकतं, ते मायक्रोमीटरनं मोजल्याशिवाय कळत नाही. आणि एक गियर नवा, दुसरा झिजलेला असं करू नका. नवा दाता जुन्याच्या झिजेशी जमत नाही, आवाज करतो. बदलायचे तर जोडीनं.

आता इंजिन सोडायला जाताना काय करायचं ते सांगते. एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघी जा, त्यातली एक हिशेब लिहिणारी असू दे. मिस्त्रींना आधीच विचारा, "दादा, टायमिंग गियर काढायला पुलर आहे ना? बसवताना तापवणार की प्रेसमध्ये?" हे विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही. चांगला मिस्त्री खूश होतो, कारण त्याच्या कामाची पारख असलेलं गिऱ्हाईक त्याला क्वचित भेटतं. जो "तुम्हाला काय करायचंय?" म्हणतो, त्याच्याकडं पैसे टाकण्याआधी बैठकीत एकदा बोला. एवढंही सांगते, वर्षानुवर्षं ठोकून काम करणारे सगळे लबाड नसतात. त्यांना त्यांच्या उस्तादानं तसंच शिकवलं, शेगडी आणि पुलर घ्यायला पैसे नव्हते. त्यांना हा लेख वाचून दाखवा.

शाफ्ट आणि भोक यांची मापं कागदावर मागा. समोरचं झाकण उघडल्यावर गियर काढायच्या आधी खुणांचा मोबाइलवर फोटो काढा, नवा बसवून झाल्यावर झाकण लागायच्या आधी आणखी एक. दोन्ही फोटो गटाच्या ग्रुपवर टाका, म्हणजे एकीचा फोन बिघडला तरी राहतील. बिलात गियरचा नंबर लिहून घ्या.

इंजिन घरी आल्यावर पहिल्या दिवशीच गिरणीचा पूर्ण भार टाकू नका, सुरुवातीचे तास हलक्या भारावर चालवा. बांधल्यानंतरचं पहिलं ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला, कारण नव्या भागांचा कीस त्यात उतरतो. किती तासांनी ते इंजिनाच्या पुस्तकात दिलेलं असतं. जुनं ऑइल फडक्यातून गाळून बघा. बारीक करडी चमक दिसली तर काळजी नाही, हाताला लागतील असे लोखंडाचे कण निघाले तर मिस्त्रींना लगेच फोन करा.

जुने गियर मात्र मागून घ्या, भंगारात टाकू नका. चिठ्ठी बांधून, ऑइल लावून गिरणीच्या खोलीत ठेवा. पुढच्या खेपेला नवे घ्यायला जाल तेव्हा दाते मोजायला उपयोगी पडतील.